२६४ तासांतली झापड: रँडी गार्डनरचं प्रकरण

झोपेचा धडा काढला की वर्गातून एक प्रश्न ठरलेला असतो. ‘मॅडम, माणूस जास्तीत जास्त किती दिवस जागा राहू शकतो?’ विचारणाऱ्याला उत्तर बहुतेक वेळा आधीच माहीत असतं. अमेरिकेतला एक शाळकरी मुलगा अकरा दिवस झोपला नाही आणि त्याला काहीही झालं नाही, असं त्याने कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलेलं असतं. त्याचा सगळा भर त्या ‘काहीही झालं नाही’वर असतो. परीक्षा तोंडावर आलेली असते, अभ्यास राहिलेला असतो, आणि रात्र जागून काढायला कुणाची तरी परवानगी हवी असते.

तो मुलगा म्हणजे रँडी गार्डनर. झोपेवरच्या जवळपास प्रत्येक प्राथमिक पुस्तकात त्याच्यावर चार ओळी असतातच. पण त्या चार ओळींत हे प्रकरण मावत नाही. त्याच्याकडे दोन जाणत्या माणसांनी जवळून पाहिलं आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. माझ्या मते दोघांचंही निरीक्षण खरं होतं. दोन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे नीट पाहिलं, तर ‘जागं असणं’ म्हणजे काय याचीच आपली समजूत बदलते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

नाणं उडवून ठरलेला जागकरी

१९६३ सालचा डिसेंबर, नाताळची सुट्टी, कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो. तिथल्या पॉइंट लोमा हायस्कूलमधल्या रँडीला आणि त्याचा मित्र ब्रूस मॅकॅलिस्टरला विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प हवा होता. होनोलुलूच्या एका रेडिओ निवेदकाच्या नावावर २६० तास जागं राहण्याचा विक्रम होता. तो मोडायचा आणि जागरणाचा शरीर-मनावर काय परिणाम होतो ते नोंदवायचं, असं दोघांनी ठरवलं. जागरणाने अतींद्रिय शक्ती वाढते का ते तपासायचं, हा त्यांचा मूळ विचार. ते मोजायचं कसं हे कळेना, म्हणून गाडी बुद्धीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांवर आली. जागायचं कुणी, हे नाणं उडवून ठरलं. जागरण रँडीच्या वाट्याला आलं. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता.

२८ डिसेंबरला सकाळी तो उठला आणि नंतर झोपलाच नाही.

सुरुवातीला नोंदी ठेवायला ब्रूस एकटाच होता. रँडीला जागं ठेवायचं तर त्यालाही जागंच राहावं लागणार, हे दोघांच्या लक्षात आलं नव्हतं. तीन रात्रींत तो कोलमडला. एकदा तो भिंतीला टेकून नोंदी लिहीत होता. भानावर आला तेव्हा कळलं, आपण वहीवर नाही, भिंतीवरच लिहितो आहोत. मग जो मार्सियानो नावाच्या तिसऱ्या मित्राला बोलावून घेतलं.

हा भिंतीवर लिहिण्याचा प्रसंग फारसा कुणी सांगत नाही. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या क्षणी ब्रूस झोपला होता का? हातात पेन होतं, हात चालत होता, मजकूर उमटत होता. मग जागा होता का? जागा माणूस भिंतीवर नोंदी लिहीत नाही. आणि हे कुणाचं झालं, तर ज्याच्याकडे जागरणाच्या नोंदी ठेवण्याचं काम होतं त्याचं. प्रयोगाच्या निकालाची चुणूक तिथेच, तिसऱ्या रात्री मिळाली होती.

दिवस त्या मानाने बरे जायचे. रात्री फार कठीण, त्यातही मध्यरात्रीनंतरचे तास. मित्र त्याला फिरवायचे, गाडीत बसवायचे, मोठ्याने गाणी लावायचे, बास्केटबॉल खेळायला लावायचे. डोळे मिटायची परवानगी नव्हती. तो बाथरूममध्ये गेला की दाराबाहेर उभं राहून त्याच्याशी बोलत राहायचे, आत डोळा लागू नये म्हणून. जागं राहण्यासाठी त्याला उत्तेजक औषधं दिली गेली नाहीत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

रात्र कठीण आणि दिवस सोपा, असं का? झोप ठरवणाऱ्या दोन यंत्रणा असतात. पहिली कर्जासारखी: जितका वेळ जागं राहाल तितका झोपेचा दाब वाढत जातो. मेंदूच्या पेशी काम करताना अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, तो या दाबाचा एक मोठा भाग. (चहा-कॉफीतलं कॅफीन नेमकं याच रसायनाची जागा अडवतं. दाब तसाच राहतो, फक्त कळेनासा होतो.) दुसरी यंत्रणा म्हणजे शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ. किती जागलात याची त्याला पर्वा नसते. ते सकाळी उठवतं आणि रात्री निजवतं. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये या दोन्हींची सांगड घालून जे प्रारूप मांडलं, ते आजही शिकवलं जातं. रँडीचा दाब अकरा दिवस चढतच होता, पण रोज सकाळी घड्याळ त्याला थोडं वर उचलायचं. त्यामुळे दुपारी त्याला भेटणाऱ्याला एक मुलगा दिसायचा आणि पहाटे तीनला भेटणाऱ्याला दुसराच.

नोंदवही

सॅन डिएगोत अमेरिकी नौदलाचं मनोविकार संशोधन केंद्र होतं. तिथले जॉन रॉस यांनी रँडीची प्रकृती तपासत राहण्याचं काम अंगावर घेतलं. त्यांच्या नोंदी वाचताना मुलगा डोळ्यांसमोर हळूहळू विरघळत जातो.

दुसऱ्या दिवशी डोळे एका जागी ठरेनात. टीव्ही बघणं सोडावं लागलं. डोळे झाकून हातात दिलेली वस्तू नुसत्या स्पर्शाने ओळखणंही जड गेलं. तिसऱ्या दिवशी चिडचिड, चालताना तोल जाणं, आणि साधं जीभ वळवायला लावणारं वाक्य म्हणता न येणं. आपल्याकडे ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणायला लावतात, तसलंच काहीतरी. चौथ्या दिवशी विसराळूपणा आला, आणि रस्त्यावरचा फलक त्याला माणूस वाटला. त्याच दिवशी काही वेळ आपण सॅन डिएगो चार्जर्स संघाचा फुटबॉलपटू पॉल लो आहोत, अशी त्याची समजूत झाली. पॉल लो हा त्या काळातला नावाजलेला कृष्णवर्णीय खेळाडू. रँडी बारकेला गोरा पोरगा.

पाचव्या दिवसाची नोंद मी वर्गात नेहमी वाचून दाखवते. रँडी खोलीत बसला होता. त्याला समोर एक वाट दिसू लागली. खोलीतून निघून शांत रानात उतरत जाणारी. ती खरी नाही हे थोड्या वेळाने त्याचं त्यालाच कळायचं.

सहाव्या दिवशी बोलणं मंदावलं, नेहमीच्या वस्तूंची नावं आठवेनात. पुढे शब्द ओढले जाऊ लागले, वाक्यं अर्धवट तुटू लागली. अमुक रेडिओ निवेदक आपल्याला मूर्ख ठरवायला बघतोय, असा संशयही मधे येऊन गेला. शेवटच्या दिवशी चेहऱ्यावर भाव नाहीत, आवाजात चढउतार नाही. १०० मधून ७ वजा करत जायला सांगितलं. ९३, ८६, ७९, ७२, ६५, आणि तो थांबला. का थांबलास विचारल्यावर, आपण काय करत होतो हेच त्याला सांगता येईना.

वजाबाकी त्याला येत होती. पाचही उत्तरं बरोबर आहेत. तुटला तो हातातला धागा. या चाचणीत गणित थोडंच तपासलं जातं. मागचं उत्तर आणि पुढची कृती दोन्ही मनात एकत्र धरून ठेवता येतात का, ते बघायचं असतं.

डिमेंट यांनी काय पाहिलं

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विल्यम डिमेंट यांना ही बातमी वर्तमानपत्रातून कळली आणि ते मधेच येऊन मुलांना सामील झाले. झोपेचा अभ्यास हेच आयुष्य केलेली माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १९५३ मध्ये शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप, म्हणजे रेम झोप शोधली. त्याच प्रयोगशाळेत डिमेंट शिकले होते. आपली बरीचशी ठसठशीत स्वप्नं रेम झोपेत पडतात हे जगापुढे आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

झोप काढून घेतली की माणूस वेडा होतो, हा समज तेव्हा पक्का होता. डिमेंट यांना हेच ताडून बघायचं होतं. त्यांनी रँडीला बाहेर नेलं, त्याच्याशी तासन्‌तास बोलले, खेळले. दहाव्या रात्री दोघे पिनबॉल खेळले. खेळ रँडीने जिंकला. शेवटी पत्रकारांसमोरही तो नीट, सुसंगत बोलला. डिमेंट यांनी निष्कर्ष काढला की मुलगा दमलेला आहे, चिडचिडा झाला आहे, पण वेडाचं कुठलंही लक्षण नाही. १९६६ मध्ये गुलेविच आणि जॉन्सन यांच्यासह त्यांनी जो शोधनिबंध लिहिला, त्याचा सूर हाच होता. एक वर्ष आधी रॉस यांचा मज्जासंस्थेच्या तपासणीवरचा निबंध आला होता. त्यात तोल, बोलणं, नजर, स्मृती अशा बिघाडांची यादी होती.

पुस्तकांनी आणि पुढे इंटरनेटने यांतला डिमेंट यांचा सूर उचलला. ‘त्याला काहीही झालं नाही’ ते तिथून आलं. खरं तर ‘वेड लागलं नाही’ आणि ‘काही झालं नाही’ यांत केवढं तरी अंतर आहे. डिमेंट पहिलं म्हणत होते. ऐकणाऱ्यांनी दुसरं ऐकलं.

मग पिनबॉलचं काय? हा मुलगा ७ वजा करताना ६५ वर अडकतो आणि पिनबॉलमध्ये एका शास्त्रज्ञाला हरवतो, हे कसं?

मला पटलेलं उत्तर असं. पिनबॉलमध्ये दिवे लुकलुकतात, घंटा वाजतात, चेंडू क्षणाक्षणाला अंगावर येतो आणि समोर हरवण्याजोगा मोठा माणूस उभा असतो. खेळच तुम्हाला जागं ठेवतो. ७ वजा करण्यात असलं काही नाही. तिथे मेंदूला स्वतःला स्वतःच जागं ठेवावं लागतं. झोप तुटलेल्या माणसाचं पहिलं काय जातं, तर कंटाळवाण्या कामावर लांब वेळ टिकणारं लक्ष. ताकद, युक्तिवाद, खेळातलं कसब हे सगळं थोड्या वेळासाठी कमावून दाखवता येतं. अडचण अशी, की आयुष्यातली जोखमीची कामं बहुतेक कंटाळवाणीच असतात. रात्रीच्या सरळ रस्त्यावर गाडी चालवणं घ्या, वॉर्डात सलाइनवर नजर ठेवणं घ्या, कारखान्यातल्या काट्यांकडे बघत बसणं घ्या.

डिमेंट यांनी रँडीची सर्वोत्तम मिनिटं पाहिली, रॉस यांनी सरासरी पाहिली. ब्रूस भिंतीवर लिहीत होता तेव्हा दोघांपैकी कुणीच तिथे नव्हतं.

तो जागा होता का?

माझ्या लेखी सगळ्या प्रकरणाचा गाभा हा प्रश्न आहे.

अकरा दिवस सतत डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढत राहायची सोय तेव्हा नव्हती. ‘२६४ तास जागा’ हे मित्रांनी उघड्या डोळ्यांवरून ठरवलेलं आहे. प्रयोग संपल्यावर रँडीला नौदलाच्या रुग्णालयात नेऊन तपासलं गेलं. ब्रूस मॅकॅलिस्टरने पुढे अनेक वर्षांनी आठवण सांगितली, की त्या तपासणीचं विश्लेषण होऊन आलं तेव्हा निष्कर्ष असा निघाला: त्याचा मेंदू सगळा वेळ डुलक्या काढत होता, काही भाग झोपलेला आणि काही जागा.

तेव्हा हे कुणाला विचित्र वाटलं असेल. आता तसं वाटायचं कारण उरलेलं नाही. काही सेकंदांची सूक्ष्म झोप ही रोज मोजली जाणारी गोष्ट आहे. डोळे उघडे असतानाही ती येते आणि आपण झोपलो होतो हे त्या माणसाला बहुधा कळतच नाही. त्याही पुढचा पुरावा २०११ मध्ये आला. व्याझोव्स्की, टोनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बराच वेळ जागे ठेवलेले उंदीर तपासले. उंदीर हिंडतेफिरते होते, एकूण आलेखही जागेपणाचाच होता. पण मेंदूच्या बाहेरच्या थरातले पेशींचे छोटे गट क्षणभर बंद पडत होते, गाढ झोपेत पडतात तसे. समोर ठेवलेला साखरेचा गोळा उचलण्याच्या कामात गुंतलेल्या भागात नेमकं त्या क्षणी हे झालं, तर उंदराचा पंजा चुकायचा. उंदीर जागा, मेंदूचा कोपरा झोपलेला.

प्राथमिक पुस्तकांतली जाणिवेच्या अवस्थांची आकृती जिन्यासारखी असते: जागेपण, मग झोपेच्या पायऱ्या, मग रेम. एका वेळी एकाच पायरीवर उभं राहायचं. आपली भाषा मात्र अशी कप्पे पाडून बोलत नाही. पेंग येते, डोळ्यांवर झापड येते, डुलकी लागते, गुंगी चढते, डोळा लागतो, पहाटे साखरझोप लागते. ही सगळी एकाच झोपेची नावं नाहीत. पेंग आलेला माणूस अजून झोपेशी भांडतो आहे. झापड आलेल्याच्या डोळ्यांपुढे पडदा आहे, पण तो उभा आहे, चालतो आहे. डुलकीत मान पडते आणि माणूस दचकून ती सावरतो. ही भाषा रात्रपाळी केलेल्या, राखणीला बसलेल्या, पोराच्या तापात उशाशी जागलेल्या माणसांनी घडवली आहे. त्यांना अधलीमधली घरं ठाऊक होती. साखरझोपेचंही तसंच. रेम झोप रात्रीच्या शेवटच्या प्रहरांत सगळ्यात दाट असते, हे प्रयोगशाळेत समजलं. पहाटेची झोप गोड आणि स्वप्नाळू असते हे शब्दात आधीच भरलेलं होतं.

रँडीच्या शेवटच्या दिवसांना नाव द्यायचं तर मी झापड म्हणेन. भावहीन चेहरा, सपाट आवाज, तुटलेली वाक्यं, ६५ वर सुटलेला धागा.

याच दृष्टीने पाचव्या दिवसाची रानातली वाट पुन्हा बघा. त्या नोंदीला भास म्हणून सोडून देतात. वर्गात मी तीन गोष्टी वेगळ्या काढायला लावते. रस्त्यावरचा फलक माणूस वाटला, तेव्हा समोर वस्तू होती, अर्थ चुकला. तो दृष्टिभ्रम. अंधारात दोरी साप दिसते तो प्रकार. मी पॉल लो आहे किंवा रेडिओवाला माझ्यावर टपलाय, या चुकीच्या समजुती. त्या डोळ्यांतून आत आलेल्या नाहीत. आणि खोलीतून रानात उतरणारी वाट? तिथे समोर काहीच नव्हतं, आणि ती खरी नाही हे त्याला लवकरच कळतही होतं. झोपेच्या उंबरठ्यावर, डोळा लागता लागता आपल्याला चेहरे, रस्ते, पायऱ्या दिसतात, हाक ऐकू येते. रँडीच्या नोंदींतही या दृश्यांना झोप लागतानाच्या स्वप्नरंजनाच्याच जातीचं म्हटलं गेलं. मला ते अगदी पटतं. ती वाट वेडाची नव्हती. उघड्या डोळ्यांत उतरलेलं ते स्वप्नाचं पहिलं पान होतं. झोप त्याला येऊ देत नव्हते, म्हणून ती मिळेल त्या फटीतून आत येत होती.

जागृती, स्वप्न, सुषुप्ती ही तीन नावं आपल्याकडे उपनिषदांपासून चालत आलेली आहेत. तीन घरं वेगळी धरून विचार करायला ती सोयीची आहेत. रँडीच्या पाचव्या रात्री मधल्या भिंती पडल्या होत्या, एवढंच मी त्यात जोडेन.

इथे एका दुसऱ्या जागरणाशी तुलना करावी लागते. १९५९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये काचेच्या खोलीत बसून पीटर ट्रिप या रेडिओ निवेदकाने २०१ तास जागून काढले. त्याला आपल्या बुटात कोळी दिसले. शेवटी तपासायला आलेला डॉक्टर त्याला आपल्याला पुरायला आलेला माणूस वाटला. ट्रिप रँडीपेक्षा बराच कमी जागला, तरी बिघाड कितीतरी उग्र. फरक काय? तो वयाने मोठा होता, आणि पुढच्या टप्प्यात त्याला जागं ठेवायला उत्तेजक औषधं दिली होती. तशा औषधांनी भास आणि संशय बळावतात हे माहीत आहे. त्यामुळे ट्रिपच्या कोळ्यांचा दोष किती झोपेचा आणि किती गोळ्यांचा, हे सांगता येत नाही. रँडीचं प्रकरण या बाबतीत स्वच्छ आहे. म्हणूनच त्याचं मोल टिकून आहे.

झोपल्यावर

८ जानेवारी १९६४ च्या पहाटे, २६४ तास भरल्यावर, रँडी झोपला. सगळ्यांना वाटलं होतं, आता दिवसच्या दिवस झोपेल. पंधरा तासांच्या आतच तो उठला, तेही लघवीला जायला. ताजातवाना होता. दुसऱ्या रात्री दहा तासांहून थोडं अधिक झोपला, तिसऱ्या रात्री नऊ तासांच्या आत. जवळजवळ ६७ तासांची झोप त्याने कधीच भरून काढली नाही.

‘बघा, झोप भरून काढायची गरजच नाही’ असंही यावरून कुणी म्हणेल. पण काय भरून निघालं ते बघा. झोपेच्या पहिल्या दोन, हलक्या टप्प्यांतली फक्त ७ टक्के झोप परत आली. सगळ्यात गाढ, मंद लहरींच्या चौथ्या टप्प्यातली ६८ टक्के, आणि रेम झोपेतली ५३ टक्के. घरात आग लागली की माणूस आधी काय बाहेर काढतो यावरून त्याला काय मोलाचं वाटतं ते कळतं. शरीराने हलकी झोप सोडून दिली आणि गाढ झोप व स्वप्नाची झोप आधी मागून घेतली. दुसऱ्या बाजूने विचार केला तर आणखी एक शक्यता दिसते: त्या अकरा दिवसांतल्या शेकडो डुलक्यांमध्ये हलक्या झोपेची थोडीफार भरपाई होतच असणार. हा माझा तर्क आहे, मोजलेली गोष्ट नव्हे.

रेम झोप अशी उसळी मारते हे डिमेंट यांना १९६० मध्येच दिसलं होतं. त्यांनी काही स्वयंसेवकांना रेम सुरू झाली की लगेच उठवलं. रात्रीगणिक जास्त वेळा उठवावं लागू लागलं, आणि मोकळं सोडल्यावर त्या लोकांनी नेहमीपेक्षा जास्त रेम झोप घेतली. स्वप्नाची झोप अडवली तर ती दाराशी रांग लावून उभी राहते.

या एका मुलावरून काय म्हणता येत नाही

प्रकरण अभ्यासाची ताकद आणि दुबळेपण इथे शेजारी शेजारी आहेत. माणूस एक. वय सतरा. निरोगी, हौशी, भोवती जिवाला जीव देणारे मित्र, आठवड्याअखेर जगभर गाजलेली बातमी. असा माणूस जितकं तग धरेल तितकं चाळिशीतला थकलेला ट्रकचालक धरेल असं मानायला आधार नाही. अकरा दिवसांनी मेला नाही, म्हणजे जागरणाने माणूस मरत नाही, असंही म्हणता येत नाही. १९८० च्या दशकात शिकागोत अ‍ॅलन रेख्टशाफेन यांनी पाण्यावरच्या फिरत्या तबकडीवर उंदरांना झोपू दिलं नाही, तेव्हा ते दोन-तीन आठवड्यांच्या आसपास मेले. भरपूर खाऊनही त्यांचं वजन उतरत गेलं होतं. गिनेस बुकने जागरणाचे विक्रम नोंदवणं पुढे जिवाच्या काळजीपोटी बंद केलं. रँडीचा आकडा तोवर इतरांनी मोडलाही होता.

आणि माझ्या वर्गातल्या मुलांचा प्रश्न अकरा दिवसांचा नसतोच. त्यांचा प्रश्न रोजच्या पाच-सहा तासांचा असतो. त्याचं उत्तर रँडीकडे नाही, ते २००३ च्या एका प्रयोगात आहे. व्हॅन डोंगेन आणि डिंजेस यांनी काही निरोगी लोकांना सलग चौदा दिवस रात्री फक्त सहा तास झोपू दिलं, काहींना चारच. सहा तासवाल्यांचंही लक्ष दोन आठवड्यांअखेर इतकं घसरलं, की एक रात्र अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पातळीला येत होतं. त्यांना स्वतःला विचारलं तर म्हणायचे, थोडी झोप येते, बाकी ठीक आहे. आपण किती बिघडलो आहोत हे मोजणारा काटासुद्धा झोपेवरच चालतो.

दुसरा एक आकडा मी फळ्यावर लिहून ठेवते. १७ ते १९ तास सलग जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यासारखी, काही चाचण्यांत त्याहून वाईट होते, हे २००० मधल्या एका अभ्यासात दिसलं. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पहाटे सहाला उठून रात्री बारा वाजता गाडी हाती घेणारा माणूस त्या रेषेच्या पलीकडे असू शकतो. त्याला फुंकायला लावणारं यंत्र मात्र नाही.

गेल्या वर्षी एका मुलाची वही तपासायला घेतली होती. पहिल्या बाकावरचा, तास न चुकवणारा मुलगा. अक्षर सुरेख. एका पानाच्या मध्यावर शब्द ओळ सोडून उजवीकडे खाली घसरत गेले होते. शेवटच्या अक्षरापासून पेनाची एक लांब रेघ समासापर्यंत ओढलेली. त्याच्या खालच्या ओळीत अक्षर पुन्हा सरळ, वाक्य मात्र दुसऱ्याच मुद्द्याचं. विचारलं, इथे डोळा लागला होता का? तो मनापासून म्हणाला, ‘नाही मॅडम, जागाच होतो. सगळं लिहून घेतलंय ना.’ तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या आठवणीत ती रेघ नव्हतीच. मी त्याला ब्रूस मॅकॅलिस्टरची भिंतीवर लिहिलेली नोंद सांगितली. मग रात्री किती वाजेपर्यंत जागतोस, ते विचारलं. अडीच, म्हणाला. सकाळचा क्लास साडेसहाला.

रँडी गार्डनर त्या पंधरा तासांनंतर शाळेत परत गेला आणि पुढे बरीच वर्षं नीट झोपत राहिला. सत्तरीकडे झुकल्यावर त्याने जाहीर मुलाखतीत सांगितलं, की मधे काही वर्षं त्याची झोप पार उडाली होती, अंथरुणावर तासन्‌तास पडून राहिलं तरी येत नव्हती. तरुणपणी झोपेशी केलेल्या खेळाची ही परतफेड असावी, असं त्याला वाटत होतं. या दोन गोष्टींचा खरोखर संबंध आहे की नाही, ते एका माणसावरून ठरवता येणार नाही. साठीनंतर कितीतरी लोकांची झोप कमी होते, आणि त्यांतल्या कुणीही अकरा दिवस जागून पाहिलेलं नसतं. पुढे त्याची झोप थोडी परतली, रात्री सहाएक तासांपर्यंत. एवढी तरी मिळायलाच हवी, असं तो म्हणत होता.